पुसलेल्या ओळीचा आवाज

या, जरा जवळ सरकून बसा. ती खिडकी तेवढी ओढून घ्या, बाहेर भुरभुर चालू आहे आणि ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही. गोष्ट प्रेमाची आहे. एका मुलीच्या ओठांची, एका मुलाच्या बोटांची, आणि अशा एका दुपारची, की जिच्यात एका खोलीतली सगळी माणसं एकदमच अवाक् होऊन उभी राहिली. देवाला कधी कधी अशी हुक्की येते, मंडळी. तो दोन माणसांना शेजारी बसवतो, मध्ये काचेची भिंत घालतो, आणि स्वतः गालातल्या गालात हसत बघत बसतो.

तर एका रस्त्यावर दिव्यांचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर निरोप केंद्र. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी घरून टाइप करायचं. केंद्रातल्या मुलीने ते स्क्रीनवर वाचून पलीकडच्या माणसाला फोनवर बोलून दाखवायचं. तो जे बोलेल ते पुन्हा टाइप करून इकडे द्यायचं. या मुलींना म्हणायचे ‘मधली’. मधलीचं काम दिसतं सोपं, पण भारी अवघड. बापाने ‘पोरी, पोचलीस का?’ असं लिहिलं, तर मधलीने ‘तुमचे वडील विचारताहेत’ असं म्हणायचं नाही. ‘पोरी, पोचलीस का?’ असंच म्हणायचं. तेवढ्यापुरतं बाप व्हायचं, आणि फोन संपला की पुन्हा कुणीच नाही.

केंद्र चालवायच्या मोठ्या बाई. ताठ पाठ, करकरीत आवाज, आणि चष्म्यावरून बघण्याची अशी तऱ्हा, की समोरच्याने न केलेली चूकही कबूल करावी. त्यांचे नियम ठरलेले. समोर उमटलेला शब्द गिळायचा नाही. स्वतःचा शब्द घालायचा नाही. ऐकलं ते खुर्चीतून उठताना विसरायचं. आणि गिऱ्हाईक ओळखीचं निघालं, तर त्याच्या फोनवर त्या मधलीने पुन्हा बसायचं नाही. कधीच नाही.

या मधल्यांमध्ये एक होती साळुंकी. हे नाव तिच्या वहिनीने ठेवलेलं. आईवडील लहानपणीच गेले, दादा-वहिनीने वाढवलं. दिवसभर पुरुषांचे फोन बोलून बोलून ती घरी आली की दारातूनच ‘आलो गं’ म्हणायची, आणि वहिनी कपाळाला हात लावायची. “अगं साळुंके, दुसऱ्यांचं बोलून बोलून स्वतःचं बोलणं विसरलीस की काय तू?”

एका सकाळी साळुंकी भिजलेली छत्री झटकत केंद्रात शिरली आणि जागीच थबकली. तिच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते. लांब पाय, ओले बूट. टेबलावरचं यंत्र उघडं पडलेलं, आणि वायरी अशा लोंबत होत्या, जणू कुणी कोंबडीची पिसं काढावीत.

“अहो! कोण आहे? बाहेर या आधी!”

पाय ढिम्म.

“तुम्हाला म्हणतेय मी! ही काय पद्धत झाली? हे यंत्र बंद पडलं तर माणसांचे फोन कोण लावणार, तुम्ही? ऐकू येत नाही का?”

पाय सावकाश मागे सरकले. टेबलाखालून एक मुलगा निघाला, केस विस्कटलेले, कपाळावर धुळीचा पट्टा. त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. खिशातून फोन काढला, काहीतरी टाइप केलं आणि तिच्यासमोर धरला.

‘नाही, ऐकू येत नाही. पुन्हा एकदा रागवाल का? या वेळी समोरून. सुरुवातीचं चुकलं माझं.’

साळुंकीच्या कानशिलापर्यंत कढ चढला. ज्या माणसांसाठी ती दिवसभर राबायची, त्यांतल्याच एकाला तिने पाठीमागून झापलं होतं! तिने हात जोडले, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तो बघत राहिला. मग त्याने आणखी लिहिलं, ‘हे रागावणं नव्हे. हे फार गोड आहे.’

आता हा आला कुठून? तर झालं असं होतं, की केंद्रातलं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं, तिने धंदाच गुंडाळला होता. आठवडा संपला की ते सॉफ्टवेअर कायमचं डोळे मिटणार होतं, आणि त्याच्यासोबत केंद्रही. हा मुलगा म्हणाला, म्हणजे त्याने लिहिलं, की मी जुन्याच यंत्रांवर लिनक्स घालून देतो. त्यावर मुक्त सॉफ्टवेअर बसवतो, फोनचंही आणि टाइप करायचंही. त्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो. कुणी एकाने दुकान बंद केलं म्हणून ते मरत नाही. ज्याला येतं तो दुरुस्त करतो, पुढच्याच्या हाती देतो. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि तुमचा यात काय फायदा?” त्याने लिहिलं, ‘मला हे केंद्र बंद पडायला नको आहे.’ बस्स, एवढंच.

साळुंकीच्या शेजारच्या टेबलावर बसायची ठसका. हसली की तिला ठसका लागायचा, म्हणून ठसका. ती त्या मुलाच्या पाठीकडे बघत खुशाल म्हणाली, “हा मौनीबाबा दिसायला बरा आहे गं. केस तेवढे कापायला हवेत.”

“हळू बोल,” साळुंकी म्हणाली.

“कशाला हळू? त्याला ऐकू थोडंच येतंय!”

दुसऱ्या दिवशी तो आला तो केस कापून. ठसकाच्या टेबलापाशी थांबला आणि फोन पुढे केला. ‘मौनीबाबा. आता बरा दिसतो का?’ समोरच्या काळ्या स्क्रीनमध्ये त्याला दोघींचे ओठ दिसले होते, आणि ओठांवरचं त्याला लख्ख वाचता यायचं. ठसकाला असा ठसका लागला, की तिला पाणी पाजावं लागलं. आणि साळुंकी? ती आपण काल दिवसभरात काय काय बोललो ते आठवत बसली, आणि एकेक आठवेल तशी खुर्चीत खचत गेली.

*

मोठ्या बाईंनी साळुंकीला त्याच्या मदतीला दिलं. मधलीचं काम कसं चालतं ते त्याला दाखवायला कुणीतरी हवंच होतं. कोपऱ्यात एक काचेची खोली होती, तिथे तो बसायचा. दोघांच्या मध्ये दोन कीबोर्ड, दोन काळे स्क्रीन. त्याने एक छोटा प्रोग्रॅम चालू करून दिला होता. ओळ लिहून एंटर मारला, की ती समोरच्याच्या स्क्रीनवर उमटायची. त्यांचं सगळं बोलणं असं चालायचं. शेजारी शेजारी बसून.

‘हे काय झालं?’ तिने विचारलं. स्क्रीनवर तांबड्या ओळी धडाधड वर सरकत होत्या. ‘सगळं बिघडलं ना?’

‘नाही हो. मी याला म्हटलं, फोनचं सॉफ्टवेअर बसव. हे म्हणतं, आधी आवाजाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं गाठोडं, आण. ती म्हणते, माझ्याआधी अमकी आण. अमकी म्हणते, तमकीला बोलावल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही.’

‘म्हणजे लग्नघरच की! मावशी आत्याशिवाय येईना, आत्या काकूशिवाय.’

‘आणि काकूला एका वेगळ्याच वर्षातली आत्या हवी आहे. आत्ताची चालत नाही तिला.’

ती खळखळून हसली. तो तिच्या हसण्याकडे बघत राहिला, अगदी मन लावून, जसं आपण दूरवरचं काहीतरी डोळे बारीक करून बघतो. तिने नजर खाली घेतली... आणि पुन्हा वर घेतली.

मग तिचा माइक चालेना. त्याने काहीतरी तपासलं आणि लिहिलं, ‘सिस्टीम म्हणतेय, या बाईंना आवाज वापरायची परवानगी नाही.’

‘बरोबरच म्हणतेय. मला ती कधीच नव्हती.’

‘कशी काय?’

‘मधलीला स्वतःचं काही बोलायचं नसतं.’

मग त्याने एक छोटीशी आज्ञा टाइप केली, एंटर मारला आणि तिच्याकडे वळला. ‘तुमचं नाव घातलं परवानगीवाल्यांच्या गटात. आता बोला.’

साधी वायरी-बटणांची बाब, मंडळी. पण तिला मात्र उगीचच गलबलून आलं.

एक गोष्ट दोघांनी बसून ठरवली होती. या नव्या सॉफ्टवेअरमध्ये दोन तऱ्हा होत्या. एक, अक्षर टाइप झालं की तत्क्षणी पलीकडे उमटणार. दुसरी, ओळ पुरी करून एंटर मारला तरच जाणार. मोठ्या बाई म्हणाल्या, “ओळच बरी. माणसाला आपला शब्द मागे घ्यायची सोय पाहिजे.” त्याने तसं लावून दिलं.

त्याच दुपारी साळुंकीने त्याची काहीतरी थट्टा केली. कशावरून ते तिला नंतर आठवलंसुद्धा नाही. कारण उत्तरात त्याच्या स्क्रीनवरून एक शब्द आला, एकटाच, पुढे टिंब देऊन.

‘हसलो.’

साळुंकीने तो पुन्हा वाचला.

हा शब्द तिला माहीत होता. असा एकटा, असा टिंब दिलेला. गेली कितीतरी वर्षं दर आठवड्याला तिच्या टेबलावर एक फोन यायचा. कुण्या मुलाचा, आपल्या आईला. नाव नाही, गाव नाही. गिऱ्हाइकाला केंद्रात नाव नसायचं. मुलाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आईची दृष्टी हे फोन सुरू होण्याआधीच गेली होती. पूर्वी दोघं हातांच्या खुणांनी बोलायची. आता आईला खुणा दिसत नव्हत्या. त्याला ऐकू येईना, तिला दिसेना. त्या दोघांमध्ये आता एवढी एक वाट उरली होती, आणि ती साळुंकीच्या गळ्यातून जायची. एकदा त्याने यंत्राच्या आवाजात बोलून पाहिलं, तर आईने जाहिरात समजून फोन आपटला. आणि आईला आपलं हसू ऐकू जात नाही म्हणून तो मुलगा लिहायचा, ‘हसलो.’ नियमाप्रमाणे साळुंकीने कोरडेपणाने ‘हसलो’ म्हणायचं. पण एक दिवस तिच्याने राहवलं नाही, ती खरंच हसली. पलीकडून आई म्हणाली, “बाई गं! माझं लेकरू असं हसतं होय!” तेव्हापासून साळुंकी त्या शब्दावर हसतच असे. “बाळा” म्हणून हाक तिला आयुष्यात फक्त त्या एका फोनवर ऐकू यायची. ती दुसऱ्याला मारलेली असायची, हे खरं. पण कानात तिच्याच पडायची.

तो हाच होता.

त्याच्या सर्दीपासून त्याच्या एकटेपणापर्यंत सगळं तिला ठाऊक होतं. आई झोपेत त्याला हाक मारते आणि मग आठवतं की त्याला ऐकू येत नाही, हेही ठाऊक होतं. आणि तो बिचारा तिला चार दिवसांच्या ओळखीची समजून हळूहळू, जपून, एकेक गोष्ट सांगत होता. सांगावं, तर नियम मोडला. तो फोन गेला, ती हाक गेली, आणि आपलं घरचं बोलणं या मुलीने ऐकलंय हे कळल्यावर हाही गेला. न सांगावं, तर रोज त्याच्यासमोर बसून चोरी.

“काय गं, तोंड का असं?” घरी वहिनीने ताट वाढताना विचारलं.

“काही नाही.”

“कुणी काही बोललं?”

“नाही.”

“मग तू कुणाला बोललीस?”

“तेच तर नाही ना वहिनी,” साळुंकी म्हणाली, आणि ताटात टपकन पाणी पडलं. वहिनीने पुढे विचारलं नाही. नुसती पाठीवर हात ठेवून बसली.

सकाळी साळुंकी मोठ्या बाईंपुढे उभी राहिली. “बाई, एका गिऱ्हाइकाचा फोन मला यापुढे नको.”

“ओळखीचं निघालं?”

साळुंकीने तोंड उघडलं.

“सांगू नकोस. सांगितलंस की मला नियमाने लिहून ठेवावं लागेल.” बाईंनी चष्मा काढून पुसला. “नवीन सॉफ्टवेअर सुरू झालं की तो फोन आपोआप दुसरीकडे जाईल असं बघते. आता तोंड धुऊन ये.”

साळुंकीला वाटलं, सुटले. आणि वाटलं, आई गेली.

*

शेवटच्या दिवशी सकाळी सॉफ्टवेअरने ऐनवेळी मान टाकली. त्याने सगळं पुसून पहिल्यापासून पुन्हा बसवलं. बोटं अशी चालत होती, की ठसकासुद्धा गप्प. अखेर स्क्रीनवर हिरवी ओळ आली: चालू आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या; त्याला दिसाव्यात म्हणून हात वर करून हलवले.

“आता खऱ्या गिऱ्हाइकाचा फोन लावून बघायचा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण या घटकेला आणायचं कुठून गिऱ्हाईक?”

त्याने त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. फोनवर लिहिलं, ‘मीच आहे गिऱ्हाईक. दर आठवड्याला आईला फोन करतो. कोण माझा आवाज होतं ते मला माहीत नाही, विचारणारही नाही. हा फोन बंद पडू नये, म्हणून तर आलो होतो.’

प्रत्येक मधली दुसरीच्या तोंडाकडे बघू लागली. साळुंकीने खाली मान घालून डबा उघडला.

“ठसके, तू घे फोन,” बाई म्हणाल्या. आणि त्यांनी साळुंकीकडे पाहिलंही नाही.

तो काचेच्या खोलीत गेला, स्क्रीनकडे तोंड करून बसला. ठसकाने कानावर हेडफोन चढवला. सगळे वाट बघू लागले.

फोन आल्याचा दिवा लागला. साळुंकीच्या टेबलावर.

घोटाळा एवढासा होता. चाचणीच्या दिवसांत त्याने सगळे फोन साळुंकीच्या टेबलाकडे वळवून ठेवले होते, आणि आज पुन्हा बसवताना तीच जुळणी जशीच्या तशी परत आली होती. पण मधलीच्या धर्मात लागलेला दिवा कुणी विझवत नाही. पलीकडे आंधळी आई फोन कानाला लावून बसलेली असते. साळुंकीने बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा दगडासारखा. “उचल,” त्या म्हणाल्या, आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

साळुंकीने घास गिळला, हेडफोन लावला. “केंद्रातून मधली बोलतेय. तुमच्या मुलाचा फोन आहे.”

“आलास का बाळा!” पलीकडची आई म्हणाली. “आज लवकर? सर्दी गेली?”

साळुंकीने टाइप केलं. उत्तर उमटू लागलं तशी ती बोलू लागली. “गेली आई. तू डोळ्यांत थेंब घातलेस का?”

“घातले रे. बघायचं ते बघून झालंय, आता घातले काय नि न घातले काय! तुझं सांग. नव्या जागी माणसं कशी आहेत?”

स्क्रीनवर अक्षरं आली. एकामागून एक, आजवर कधी आली नव्हती तशी टपटप. साळुंकीला नवल करायलाही उसंत नव्हती. समोर उमटेल ते बोलायचं, एवढंच तिच्या जिभेला ठाऊक.

“एक जण फार चांगली आहे आई. तिच्याशी बोलताना मला वाटतं की—”

आणि ओळ शेपटीकडून गळायला लागली. ‘की’ गेला. ‘वाटतं’ गेलं. ‘तिच्याशी’ गेलं. बघता बघता स्क्रीन कोरा झाला. मग घाईघाईने आलं, ‘माणसं बरी आहेत. चहा बरा मिळतो.’

“माणसं बरी आहेत. चहा बरा मिळतो,” साळुंकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

“अरे थांब, थांब!” आई जवळजवळ ओरडलीच. “चहा राहू दे बाजूला! तिच्याशी बोलताना काय वाटतं?”

साळुंकीने ते टाइप केलं. करावंच लागलं.

काचेपलीकडे तो ताडकन सरळ झाला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, कीबोर्डकडे पाहिलं. हे तर आपण पुसलं होतं! आणि मग त्याच्या ध्यानात आलं. सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं, तेव्हा ओळीची तऱ्हा लावायची राहून गेली होती. मुळात होती ती अक्षराची. जे त्याने मागे घेतलं ते सगळं आधीच जाऊन पोचलं होतं, कुणाच्या तरी डोळ्यांत, कुणाच्या तरी जिभेवर, आईच्या कानात. कुणाच्या?

तो तंत्रज्ञ होता. त्याने तंत्रज्ञासारखं तपासलं. एकच शब्द टाइप केला, ‘आई’, आणि मान वर करून काचेतून पाहिलं.

सगळ्या खोलीत एकच ओठ हलले. साळुंकीचे. “आई.”

मंडळी, वीज पडल्यावर झाड क्षणभर तसंच उभं राहतं ना, तसा तो उभा राहिला. ती इकडे तशीच बसलेली, डोळे विस्फारलेले, हात अधांतरी. इतकी वर्षं तो जिच्या गळ्याने आईला हाक मारत आला, ती त्याच्यासमोर होती. आणि त्याने जिच्यापासून लपवायला म्हणून ओळ पुसली, तीही हीच होती. ठसकाच्या तोंडाचा आ तसाच राहिला. पलीकडे आई “बाळा? आहेस ना?” म्हणत होती, आणि साळुंकी तेही टाइप करत होती.

तो खाली बसला. या वेळी काचेसमोर तोंड करून. कीबोर्ड ओढून मांडीवर घेतला, आणि तिच्यावरची नजर न काढता, एकही अक्षर न पुसता लिहू लागला. आणि ती बोलू लागली.

“आई, तिच्याशी बोलताना मला वाटतं, की मी हिच्याशी आधीपासून बोलत आलोय. आत्ता कळलं, खरंच बोलत आलो होतो. मला वाटलं होतं, काम संपल्यावर निघून जावं, सांगू नये. ती दिवसभर दुसऱ्यांचं बोलते, तिच्यावर आणखी माझं ओझं कशाला... पण तिने आत्ताच सांगितलं तुला. आई, माझा आवाज म्हणून जिला तू ओळखतेस ना...” साळुंकीने पुढचा शब्द वाचला. समोर उमटलेला शब्द गिळायचा नाही. “...तीच ती.”

साळुंकीने हेडफोन कानाशी घट्ट धरला.

“म्हणजे,” आई सावकाश म्हणाली, “मी इतकी वर्षं बाळा, बाळा म्हणून जिचे लाड करत आले...” मग म्हणाली, “पोरी, तू बोल. त्याचं झालं. तुझं काय म्हणणं आहे?”

साळुंकीने टाइप केलं, ‘पोरी, तू बोल. त्याचं झालं. तुझं काय म्हणणं आहे?’ आणि थांबली. काचेपलीकडे तो ते वाचत होता. इकडे खुर्चीमागे बाईंची सावली टेबलावर पडली होती. उत्तर तिच्या ओठांवर होतं, आणि ते ओठ या घटकेला तिचे नव्हते.

“बाई,” तिने माइक बंद करून, मागे न बघता म्हटलं, “मला या खुर्चीतून उठायचंय.”

“उठलीस तर या फोनवर पुन्हा बसता येणार नाही.”

“माहीत आहे.”

“कधीच नाही. ती हाक पुन्हा ऐकू येणार नाही.”

साळुंकीने मान वळवली. बाईंना हाकेचंही माहीत होतं! त्या हसण्याचंही माहीत असणार. आणि इतकी वर्षं त्यांनी नियमांच्या वहीत एक अक्षर लिहिलं नव्हतं.

“माहीत आहे, बाई.”

“मग अजून बसली आहेस कशाला?” बाई खेकसल्या, आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. माइक चालू केला. “मधली बदलली आहे. बोला.”

“अगं बाई!” पलीकडे आई दचकली. “माझ्या लेकाचा आवाज गेला!”

साळुंकी काचेच्या खोलीकडे पळाली. मधलं अंतर जेमतेम चार टेबलांचं, पण तिला ते ओलांडताना धाप लागली. त्याने सरकून जागा दिली. कीबोर्ड तिच्याकडे ढकलला. बोलायचं तोंड असून तिने टाइपच केलं, कारण तिला ते त्यालाही दिसायला हवं होतं. आणि बाहेर मोठ्या बाई, उभ्या जन्मात कुणाशी गोड न बोललेल्या, नियमाने बांधलेल्या, ताठ बसून करकरीत आवाजात वाचू लागल्या.

“आई, आता मी माझं बोलतेय. मला तो आवडतो. फार आवडतो. टेबलाखालून निघाला तेव्हापासून.”

सगळ्या मधल्या जागच्या जागी थिजल्या. ठसकाला ठसकासुद्धा लागेना.

“कोण? तुम्ही का बाई?” आईने गोंधळून विचारलं.

बाईंचे कान लालबुंद झाले. पण स्वतःचा शब्द घालायचा नाही! त्यांनी निमूटपणे टाइप केलं, ‘कोण? तुम्ही का बाई?’ काचेच्या खोलीत दोघं एकमेकांवर कोसळून हसली. मग साळुंकीने घाईने उत्तर दिलं, आणि बाईंनी ते सुटकेचा श्वास टाकून वाचलं. “नाही, आई. तुमच्या लेकाचा जुना आवाज.”

“अगं, पण पोरी,” आईचा सूर कापरा झाला, “तू सून होशील, फार चांगलं होईल. पण मग माझा लेक गेला गं. मला तो दिसत नाही. मला तो तुझ्या गळ्यातच भेटायचा. आता तो कुणाच्या तोंडून बोलणार?”

बाईंनी हे टाइप केलं तेव्हा त्यांची बोटं जरा अडखळली. काचेपलीकडचं हसू मावळलं. त्याने हे वाचलं, आणि त्याचा चेहरा असा झाला, की साळुंकीने त्याचा हात धरला. मग एका हातानेच टाइप केलं.

“आई, तो उद्या तुमच्याकडे येतोय. मीही येते. तो तुमचा हात हातात घेऊन बसेल. मी त्याच्या खुणा शिकेन, आणि तो जे म्हणेल ते तुमच्याशेजारी बसून बोलेन. केंद्रात मला माझा शब्द घालता येत नव्हता. घरात मी दोघांचंही बोलेन, आणि तो चुकीचं काही म्हणाला तर तेही सांगेन.”

मग आई म्हणाली, “येताना उशीर करू नका. बाळा, तूही... आणि तूही, बाळा.”

बाईंनी ‘बाळा’ दोन्ही वेळा टाइप केलं, जसं बोललं गेलं तसं. एक अक्षर गाळलं नाही.

*

तर असं झालं त्यांचं. केंद्र वाचलं, ते सॉफ्टवेअर आजही तिथे चालतं. साळुंकीने घरी जाऊन वहिनीला सगळं सांगितलं, आणि वहिनी हातातली वाटी तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, “बोललीस एकदाची!” लग्न झालं, आणि साळुंकी नि तो आईला आपल्याजवळ घेऊन आले. पण त्याला कधी कामासाठी दूर जावं लागतं. साळुंकी दिवसभर केंद्रात, सासू घरी एकटी, आणि तो परगावाहून केंद्रामार्फत आईला फोन लावतो. त्या फोनवर साळुंकीला बसता येत नाही. नियम तो नियम. दिवा लागला, की मोठ्या बाई आपल्या खोलीतून उठून येतात, कुणाला काही न बोलता हेडफोन लावतात आणि त्या करकरीत आवाजात म्हणतात, “आई, मी आलो.” बाईंना मूलबाळ नाही, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तिकडून आई म्हणते, “आलास का बाळा!” आणि बाई ते टाइप करतात. ओठ घट्ट मिटून, पाठ ताठ ठेवून, शब्द न शब्द.

तुम्ही आता उठाल, आपापल्या घरी जाल, आणि कुणाला तरी मनातलं सांगाल. सांगाच. पण साळुंकीचं नि तिच्या मौनीबाबाचं भलं झालं, त्यांची काळजी नको. देवाला हात जोडाल तेव्हा त्या बाईंची तेवढी आठवण ठेवा.